न फुटणारा नंबर

चाकणच्या एका कंपनीत आम्ही दोघे इन्स्पेक्शनला होतो. रावेतहून निघणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये तो माझ्या शेजारी बसायचा. रावेतच्याच गावठाणातला. चौकातल्या कोंडीत बस रोज अडकायची, म्हणून एकदा त्याने गिअरबॉक्सवर ठोकलेला एक नंबर काढला: थ्री वन डबल झिरो फाइव्ह एट नाइन. कंपनीत आकडे असेच वाचतात, सुटे आणि इंग्रजीत, म्हणजे मशीनच्या आवाजातही घोळ होत नाही.

"मॅडम, ह्यो फुटतोय का बघू," तो म्हणाला. म्हणजे कुठल्या लहान संख्येने भाग जातो, की ही मूळ संख्याच आहे. मोबाइल वापरायचा नाही, कागदावर भागाकार करायचे.

दोन, तीन, पाच तोंडीच निकालात निघाले. पुढच्या मूळ संख्या आम्ही वाटून घेतल्या. शेवटी एक किंवा तीन असलेल्या त्याच्या, सात किंवा नऊवाल्या माझ्या. साडेसतराशेच्या थोडं पुढे जाऊन थांबायचं होतं, कारण वर्गमुळापलीकडे शोधायची गरज नसते.

रोज सकाळी तो विचारायचा, "तुमच्याकडं फुटला का?"

"नाही. तुमच्याकडे?"

"न्हाई अजून."

मग आम्ही निवांत दुसरं काहीबाही बोलायचो. त्याच्या आईचे गुडघे, त्यांच्या शेताशेजारी उभे राहिलेले टॉवर, कँटीनमधलं पाणचट वरण.

माझा वाटा मी पावसाळ्यातच संपवला होता. एकाही संख्येने भाग गेला नव्हता. तरी दिवाळीनंतरही मी "चाललंय" म्हणत होते. खेळ संपला तर तो मागे मित्रांत जाऊन बसेल, ही धास्ती. तो मला आवडायचा, आता सांगायला काय जातंय! त्याने विचारावं म्हणून मी थांबले होते. मुलीने आपणहून कसं बोलायचं, हा शहाणपणा मला कोणी शिकवला कुणास ठाऊक.

शेवटी घरच्यांनी स्थळ आणलं आणि मी हो म्हटलं. बसमध्ये त्याला सांगितलं. तो म्हणाला, "बरं झालं. मॅडम, आपला नंबर येकदा मराठीत म्हणून बघा."

मला असा राग आला! मी लग्नाचं सांगतेय आणि ह्याला नंबराचं पडलंय. मी काही म्हणून पाहिला नाही.

परवा पिंपरीतल्या घरी भेंडी चिरत होते. मुलीने विचारलं, "आई, तुला पाठ असलेला सगळ्यात मोठा आकडा कुठला?"

"थ्री वन डबल झिरो..."

"असं नाही गं. लाखात सांग."

"एकतीस लाख पाचशे एकोणनव्वद," मी म्हणाले, आणि सुरी थांबली. एकतीस लाखांना एकतीसने भाग जाणारच. उरलेले पाचशे एकोणनव्वद म्हणजे एकतीस गुणिले एकोणीस. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

एकतीस त्याच्या वाट्याची होती, अगदी सुरुवातीची. पहिल्याच आठवड्यात त्याला ती सापडली असणार. आणि तरी तो मेला पुढे रोज मला "न्हाई अजून" म्हणत राहिला.