निचरा व्हायलाय

पिंगळीच्या सरजाबाईला नवरा लिंबाजी आयुष्यभर "सरजे" म्हणत आला. गेल्या वर्षी, तुरी काढायच्या सुमारास, ती हाक हळूहळू सुटली. आधी नुसतं "अगं" उरलं. मग नुसतं बघणं.

शेजारच्या रविकांतने दोघांना नांदेडला नेलं. तिथल्या एका दवाखान्यात, स्मरण जात चाललेल्या माणसांच्या मेंदूचे फोटो काढून अभ्यास चालला होता. लिंबाजी त्या नळीसारख्या मशीनमध्ये मुकाट पडून राहिला. नंतर डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर दाखवलं, "मेंदूत रोजचा कचरा साठतो. आतलं पाणी तो वाहून नेतं, झोपेत जास्त नेत असावं. यांचा निचरा मंद दिसतोय."

निचरा सरजाबाईच्या ओळखीचा. त्यांच्या खोलगट वावरात पाणी तुंबून कापूस पिवळा पडायचा. चर मारला की पुढच्या साली पीक उभं राहायचं.

"मंग ह्यांला चर कुठून मारायचा, बाई?"

"तसा उपाय अजून नाही, आजी. आम्ही फक्त मोजतो."

तिने त्यातलं "झोपेत" तेवढं उचललं.

घरी येताच तिने म्हशीच्या गळ्यातली घंटा काढली. कोंबड्या जावेला दिल्या. लिंबाजी दुपारीही पडून राहू लागला. तिने उठवलं नाही. त्याच्याशी बोलणंही सोडलं. भेटायला आलेल्या थोरल्या नणंदेला, कडूबाईला, ओट्यावरच अडवलं.

"आगं, बोल की त्याच्यासंगं! मुकी झालीस का?"

"हळू! निचरा व्हायलाय."

"निचरा कशाचा? माणूस वाळायलाय तुझा."

पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा फोटो काढले. निचरा आणखी मंद झाला होता. सरजाबाईने घरातली शांतता सांगितली, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी खुर्ची तिच्याजवळ ओढली.

"झोप रात्रीची, आजी. दिवसा हिंडवायचं, बोलायचं. त्यानं हे थांबलं असतं असं नाही. पण बोलू नका असं कोण म्हणालं होतं?"

परतीच्या रेल्वेत, चुडावा स्टेशन मागे पडल्यावर, सरजाबाई बोलू लागली. म्हैस गाभण राहिली. धाकट्या नातीला दात आले. जावेने बांधावरची बाभळ तोडली, विचारलंसुद्धा नाही. वर्षभराचं साठलेलं सगळं. लिंबाजी तिच्या तोंडाकडे बघत नीट ऐकत होता. तिला वाटलं, आता हाक मारतील.

तो समोर बसलेल्या रविकांतकडे वाकला.

"ही बाई कवाधरनं बोलायलीय. हिच्यासंगं कुणी हाय का न्हाई?"