बोरसे सरांनी तपासलेले पन्नास किलोमीटर

धुळ्याच्या तंत्रनिकेतनात मी अधिव्याख्याता म्हणून रुजू झाले, तेव्हा विभागात मी एकटीच बाई होते. विभागप्रमुख बोरसे सरांनी पहिल्याच दिवशी प्रयोगशाळेच्या किल्ल्या माझ्या हाती दिल्या. "मॅडम, कपाटावर चिकटवलेल्या यादीवर जाऊ नका. उघडून बघा," एवढेच ते म्हणाले.

सरांच्या साठीनिमित्त लिहिताना मला एक प्रसंग सांगायलाच हवा. त्यात चूक माझी होती.

धुळ्यातल्या एका धर्मादाय रुग्णालयाला आपल्या जीपशी बोलण्यासाठी वायरलेस संच घ्यायचा होता. खेड्यांतून अडलेल्या बाळंतिणी यायच्या, पण आधी निरोप मिळत नसे. डॉक्टरांना घरून बोलावण्यातच वेळ जाई. विक्रेत्याच्या रंगीत पत्रकात लिहिले होते : 'चहूबाजूंना पन्नास किलोमीटर. अँटेना उभी बसवा की आडवी, फरक नाही.' रुग्णालयाने आमचे मत मागवले. मी पत्रक वाचले आणि संच योग्य असल्याचे लिहून पाठवले.

सरांनी माझ्या पत्राची प्रत पाहिली. "ऐकून पाहिलंत का?" त्यांनी विचारले. मी पत्रक पुढे केले.

रविवारी सर स्वतः रुग्णालयाच्या गच्चीवर उभे राहिले. मी, विक्रेते आणि चालक महादूभाऊ जीपमधून शिंदखेड्याच्या रस्त्याला लागलो. सकाळी दहापर्यंत गच्चीवरची अँटेना आडवी आणि दहानंतर उभी, असे ठरले होते. निम्म्या वाटेवरही पोहोचलो नव्हतो, तोच संचातून नुसती खरखर येऊ लागली.

"बाई, काहीच ऐकू येस नही," महादूभाऊ म्हणाले. विक्रेते खिडकीबाहेर बघत राहिले. दहा वाजले आणि सरांचा आवाज स्वच्छ आला. "आते बठ्ठं ऐकू येस!" आता सगळं ऐकू येतं, म्हणून महादूभाऊंनी स्टिअरिंगवर थाप मारली.

दहापर्यंत जीपवरची अँटेनाची काडी उभी होती आणि गच्चीवरची आडवी. दोन्ही जुळल्या नाहीत तर आवाज क्षीण होतो, हे मी वर्गात फळ्यावर शिकवत होते! पुढच्या चढापलीकडे मात्र उभ्या अँटेनाचाही आवाज तुटला. पन्नास किलोमीटर काही भरले नाहीत.

परतल्यावर वाटले, आता सर सर्वांदेखत बोलतील. त्यांनी आधी विक्रेत्यांना चहा दिला. "संच चांगला आहे हो, पत्रक खोटं आहे," असे त्यांना सांगितले. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "तेव्हा वाचून लिहिलंत, आता ऐकून लिहा. सही तुमचीच राहू द्या." केवढा भार उतरला! कोणत्या गावापर्यंत ऐकू येते, कुठून पुढे येत नाही, हे मी नावानिशी लिहिले. रुग्णालयाने संच घेतला आणि अँटेना उंच खांबावर उभी बसवली.

काही महिन्यांनी रक्तस्राव होणारी एक अडलेली बाई घेऊन महादूभाऊ निघाले. जिथून ऐकू येते असे आम्ही लिहिले होते, तिथूनच त्यांनी निरोप दिला. जीप पोहोचली तेव्हा डॉक्टर हात धुऊन तयार होते. आई आणि मुलगी दोघी वाचल्या. सरांना बातमी सांगताना मला रडू आले. सर मात्र खुर्चीत मागे टेकले.

गेल्या वर्षी जळगावला सरांवर शस्त्रक्रिया झाली, तेव्हा आम्ही सारे व्हरांड्यात बातमीची वाट पाहत बसलो होतो. आता सर पहाटे फिरायला जातात, भरीत-भाकरी मागून खातात. त्यांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, आणि आमची लिहिलेली पत्रे पुढची पुष्कळ वर्षे त्यांच्या नजरेखालून जावोत.