फोरमन अजून खाली आहे

बाळाची आणि माझी शेवटची भेट झाली तेव्हा त्याच्या नाकाला ऑक्सिजनची नळी होती आणि नळीच्या वाटेवर भिंतीला लावलेली पाण्याची बाटली बुडबुडत होती. जोगेश्वरीतलं हॉस्पिटल, संध्याकाळची भेटायची वेळ. काय बोलायचं ते मी रिक्षात ठरवून गेलो होतो... बरा होशील, घाबरू नकोस, वगैरे. त्यानं मला तोंडच उघडू दिलं नाही. बोटानं बाटली दाखवत म्हणाला, "बघितलंस? हवा पाण्यातून सोडतत. माका पण दमटच लागता." एवढ्यानं त्याला धाप लागली. ती ओसरल्यावर त्यानं विचारलं, "फोरमन वर इलो?" मी मान हलवून नाही म्हटलं. "उकरू नको हां, दिन्या," असं म्हणून त्यानं डोळे मिटले. तिसऱ्या दिवशी सकाळी शैलावहिनींचा फोन आला, "भावजी, हे गेले." चाळीस वर्षांपासूनचा मित्र गेला होता, आणि सांगायला लाज वाटते, पण माझ्या मनात पहिला विचार आला तो फोरमनचा.

फोरमन हा खेकडा आहे. आपण कालवण करतो त्यातला नव्हे. शंखात राहणारा, पाठीवर घर घेऊन जमिनीवर फिरणारा, लिंबाएवढा. बाळाकडे असे दोन आहेत. म्हणजे होते... म्हणजे आहेत, बाळा नाही. अशा वाक्यांची सवय व्हायला वेळ लागणार आहे.

आम्ही दोघं मरोळच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होतो. दोघंही मालवणकडचे, दोघंही जोगेश्वरीत, समोरासमोरच्या इमारतींत. बाळा फिटर होता आणि मापाच्या बाबतीत पक्का छळवादी. घरात वहिनींनी गॅलरीतल्या पडद्याची दोरी बांधली तरी हा व्हर्नियरची मोजपट्टी घेऊन बघायला जायचा. निवृत्त झाल्यावर या माणसाचं काय होणार याची आम्हाला काळजी होती. तेवढ्यात माझ्या मुलीला कुणीतरी वाढदिवसाला दोन खेकडे दिले. तारेचा पिंजरा, त्यात रंगीत खडे, आणि खेकड्यांच्या शंखांवर चकचकीत ऑइलपेंटनं काढलेले स्मायली. आठवड्यात मुलीचा उत्साह संपला आणि मी तो पिंजरा बाळाला दाखवायला नेला, निव्वळ गंमत म्हणून. त्यानं चष्मा लावला, पिंजरा उजेडात धरला आणि मला इतक्या शिव्या घातल्या की शेजारच्यांनी दार उघडलं. ही जनावरं कल्ल्यांनी श्वास घेतात, कोरड्या हवेत ती हळूहळू गुदमरतात, आणि तो रंग त्यांच्या पोटात जातो, हे त्याला तोवर माहीत नव्हतं. ते त्यानं पुढच्या चार दिवसांत शोधून काढलं. पण काहीतरी भयंकर चुकलंय हे त्याला बघताक्षणी कळलं होतं. पिंजरा त्यानं परत दिला नाही.

मग जे सुरू झालं त्याला शैलावहिनी "ह्यांची दुसरी नोकरी" म्हणायच्या. काचेची मोठी टाकी आली, वर घट्ट झाकण. टाकीत वीतभर वाळू आणि कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, अशा बेतानं ओलं केलेलं की मुठीत लाडू वळला पाहिजे. दोन वाट्या, एकीत गोडं पाणी, दुसरीत खारं. गोडं म्हणजे नळाचं नाही, क्लोरीन काढलेलं. खारं म्हणजे स्वयंपाकाचं मीठ घातलेलं नाही, माशांच्या दुकानातलं समुद्री मीठ. सुरुवातीला हा वेसाव्याहून कॅन भरून समुद्राचं पाणी आणायचा, पण घरी येऊन त्यात काय काय तरंगतं ते बघितल्यावर ते बंद झालं. दमटपणा मोजायचं छोटं यंत्र टाकीत चिकटवलेलं होतं. अख्खी मुंबई घामानं चिकचिकत बसलेली असताना हा यंत्र बघून खूश व्हायचा. "ऐंशी!" म्हणून फोनवर सांगायचा. जानेवारीत जरा हवा कोरडी झाली की याचा चेहरा पडायचा.

सगळ्यात कहर शंखांचा. खेकडा वाढतो तसा त्याला मोठा शंख लागतो आणि तो त्याला निवडून घ्यायचा असतो, म्हणून टाकीत पाच-सहा रिकामे शंख हवेतच, बिनरंगाचे. बाळा मासळीबाजारात जाऊन प्रत्येक शंखाचं तोंड व्हर्नियरनं मोजायचा. तिथल्या मावशींनी एकदा विचारलं, लग्न ठरलंय काय कुणाचं, बोटाचं माप घेतोस ते? घरी आणून तो ते शंख उकळायचा, तेही कुकरमध्ये. एके दुपारी वहिनींनी भात म्हणून कुकर उघडला आणि आत शंख निघाले. त्या दिवशी दोघांनी बाहेरून मागवून जेवण केलं आणि तेही वेगवेगळ्या खोल्यांत बसून. खेकड्यांना समुद्रफेस लागतो म्हणून काष्ठौषधीच्या दुकानात खेपा, गाजर, ओलं खोबरं... आणि याच नारळाच्या उरलेल्या अर्ध्या भागाचं वाटण लावून रविवारी कुर्ल्यांचं कालवण. मी एकदा त्याला यावर छेडलं. तो शांतपणे नांगी फोडत म्हणाला, ओळख झालेल्याला आपण खात नाही.

नावंही त्याचीच. एक दिवसेंदिवस वाळूखाली दडून बसायचा, तो फोरमन. दुसरा सतत काचेवर खडखड करायचा, तो युनियन.

युनियनला मी मारलं. हे लिहिण्यावाचून गत्यंतर नाही, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच उभं आहे.

चार वर्षांपूर्वी गणपतीला बाळा आणि वहिनी गावाला गेले आणि चावी माझ्याकडे दिली. सोबत एक कागद, कारखान्यातल्या जॉबकार्डासारखा रकाने पाडलेला. पाणी केव्हा, खाणं किती, फवारा कसा. सगळ्यात खाली लिहिलं होतं, "वाळूला हात लावू नये." मला वाटलं स्वच्छतेसाठी असेल. दोन दिवसांनी युनियन दिसेनासा झाला. फोरमन दडला असता तर मी काळजी केली नसती, पण युनियन गप्प म्हणजे काहीतरी झालंच. चौथा दिवस गेला, पाचवा गेला. सणाचे दिवस, लोकांचं बंद घर, आत मेलेलं जनावर... सातव्या दिवशी सकाळी मी वहिनींचा आमटीचा डाव घेतला आणि उकरलं. खाली एक पोकळी होती. तिच्यात पाय एकीकडे, नांगी दुसरीकडे आणि मधे काहीतरी मऊ, पांढुरकं. माझी खात्री पटली. बरं, केराच्या डब्यात टाकायला मन होईना. आमच्या सोसायटीचा सात दिवसांचा गणपती त्याच संध्याकाळी वेसाव्याला निघणार होता. मी युनियनला केळीच्या पानात गुंडाळलं, वर झेंडूचं फूल ठेवलं आणि मिरवणुकीबरोबर गेलो. पाण्यात सोडताना सगळ्यांच्या आवाजात आवाज मिसळून त्यालाही पुढच्या वर्षी लवकर यायला सांगितलं. मग बाळाला फोन लावला. खरं सांगायचं तर थोड्या अभिमानानंच.

त्यानं माझं सगळं सांगून होऊ दिलं. मग त्यानं विचारलं, पाय सुटे पडले होते का? हो. अंग मऊ होतं? हो. "जितो होतो रे तो," बाळा म्हणाला. "कात टाकी होतो." ते सुटे पाय म्हणजे जुनी कात होती. खेकडा महिना, दोन महिने वाळूखाली जातो, जुनं कवच सोडतो, तेच खातो आणि नवं कडक झालं की वर येतो. तेवढ्या दिवसांत त्याला हात लावायचा नसतो. शिवाय हा जमिनीवरचा खेकडा, समुद्रात सोडला तर बुडून मरतो. मी विचारलं, मग मेला की जिवंत ते कळणार कसं? तेव्हा मात्र तो ओरडला, "मेलो तर सडक्या मासळीची घाण येतली. मालवणी मा रे तू? नाक आसा ना? मग हात कित्याक घातलंस?"

दोन महिने तो माझ्याशी बोलला नाही. समोरासमोरच्या इमारती, गॅलरीत दोघंही उभे, आणि हा माझ्या डोक्यावरून पाण्याची टाकी बघणार. घरचे हसायचे. एका खेकड्यावरून दोन म्हातारे भांडले म्हणून बिल्डिंगभर चर्चा. मला हसू येत नव्हतं. माझ्या हातांना ती ओली पोकळी आठवायची. तो बिचारा खाली नवं अंग घालायच्या तयारीत होता आणि मी त्याला फुलं वाहून बुडवला.

मग एका रविवारी त्यानं खालून हाक मारली. मुलुंडला एका कुटुंबाला त्यांचा खेकडा नकोसा झाला होता. हे खेकडे एकटे राहत नाहीत, फोरमनला सोबत हवी होती, आणि दुकानातून विकत घ्यायचं नाही अशी बाळाची शपथ होती. दुकानातला प्रत्येक खेकडा कुठल्या ना कुठल्या किनाऱ्यावरून उचलून आणलेला असतो, एक विकत घेतला की त्याच्या जागी दुसरा उचलतात, असं तो म्हणायचा. येताना रिक्षात बसल्यावर त्यानं खेकड्याचा डबा माझ्या मांडीवर ठेवला. मुलुंड ते जोगेश्वरी, पवईचे सगळे स्पीडब्रेकर, मी दोन्ही हातांनी डबा अधांतरी धरलेला. हात भरून आले, पण जरा तू धर असं मी म्हटलं नाही. उतरताना बाळानं डबा घेतला, आत बघितलं आणि एवढंच म्हणाला, ठीक आहे. या तिसऱ्याचं नाव कंत्राटी ठेवलं.

यंदा बाळाची फुप्फुसं बिघडली. त्याला हॉस्पिटलात न्यायच्या आदल्या दिवशी फोरमन वाळूखाली गेला. बाळा गेल्यावर घरात माणसं जमली आणि घाटकोपरहून बाळाची चुलतबहीण आली. तिला सगळे आक्का म्हणतात आणि सगळे घाबरतात. फोटो कुठे ठेवायचा यावरून तिनं टाकीकडे बोट दाखवलं. हे उचला, गॅलरीत टाका. मी म्हटलं, हलवलं तर आतली पोकळी ढासळेल, खाली एक जीव आहे. आक्का म्हणाली, असेल तर उकरून बघा आणि मेला असेल तर फेका, मेलेलं जनावर घरात ठेवून दिवस घालायचे का? मी टाकीला पाठ लावून उभा राहिलो. एकसष्ट वर्षांचा माणूस, हातात पाण्याचा फवारा. शेवटी तडजोड झाली आणि बाळाचा फोटो टाकीच्याच झाकणावर ठेवला. तेरा दिवस भेटायला येणारे हात जोडून डोळे मिटायचे आणि उघडले की फोटोखाली काचेवर कंत्राटी चढत असायचा. एका गृहस्थांनी त्यालाही नमस्कार केला. उदबत्तीचा धूर खेकड्यांना बाधतो म्हणून मी ती खिडकीत नेऊन ठेवायचो, आक्का परत आणायची, मी परत न्यायचो. बाळा असता तर आक्काच्या बाजूनं एक शब्द बोलला नसता.

माणसं पांगली. मी रोज सकाळी जातो, पाणी बदलतो, खाणं ठेवतो. गेल्या मंगळवारी गेलो तर दार नुसतं लोटलेलं. वहिनी टाकीसमोर उभ्या होत्या, झाकण काढलेलं, हातात डाव. मला बघून त्यांनी तो लपवलाही नाही.

"एकदाच बघू या भावजी," त्या म्हणाल्या. "मेला असेल तर मेला. पण नक्की कळेल तरी. मला आता कुणाची वाट बघवत नाही."

त्यांचं खोटं नव्हतं. हॉस्पिटलाच्या बाकड्यावर त्यांनी नऊ दिवस वाटच बघितली होती. मी फक्त त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. मग त्या म्हणाल्या, "शेवटच्या आठवड्यात ह्यांनी सांगितलं, टाकी दिन्याकडे द्यायची. मी चिडले. म्हटलं, ज्यानं एक मारला त्याच्याकडेच? तर म्हणाले, दुसरा कोणीही उकरेल. दिन्या उकरणार नाही. त्यानं एकदा उकरलंय."

मी चार वर्षं समजत होतो की त्यानं ते विसरायचं ठरवलंय. तो विसरला नव्हता, त्यानं ते माझ्या जमेच्या बाजूला लिहून ठेवलं होतं. मी वहिनींच्या घरात, त्यांच्या देखत, रडलो. त्यांनी डाव माझ्या हातात दिला आणि मी तो आत नेऊन धुऊन ठेवला. मग मी टाकीत वाकलो, नाक वाळूला टेकेल इतका. वहिनीही वाकल्या. आम्ही दोघांनी वास घेतला. ओल्या वाळूचा होता, नारळाच्या काथ्याचा होता. दुसरा कसलाही नव्हता.

आज फोरमनला खाली जाऊन पंचावन्न दिवस झाले, बाळाला जाऊन पंचेचाळीस. मी सकाळी गेलो की वहिनी स्वयंपाकघरातूनच विचारतात, "वास?" मी झाकण उघडतो, नीट हुंगतो आणि नाही म्हणून सांगतो. मग त्या आम्हा दोघांचा चहा टाकतात.