पाहुण्यांच्या दिवशी मी वाणगावला

धाकट्या बहिणीला बघायला पाहुणे येणार असले की मला बोईसरहून वाणगावला मावशीकडे धाडलं जाई. मोठा मुलगा वापीला कामाला असतो, असं बाबा मध्यस्थालाच सांगून ठेवत. वापी मी अजून पाहिलेली नाही.

कारण उघड होतं. दोन वर्षांपूर्वी माझी झोप उडाली, तोंडाला खळ राहिला नाही आणि मला तीन आठवडे मनोरुग्णालयात ठेवावं लागलं. आता गोळ्या चालू आहेत, तारापूरच्या कारखान्यातली एकही पाळी चुकवत नाही. पण भाऊ वेडा म्हटल्यावर मुलगी कोण करून घेणार? बाबांचा मला राग येई, आणि त्यांची भीती खोटी नव्हती म्हणून जास्तच येई. मावशी काही विचारायची नाही, मिरच्या निवडायला बसवायची. गोळ्यांनी माझे हात थरथरतात. ते बघून म्हणायची, निवांत कर, मिरच्या कुठं पळून जात नाय.

तिसऱ्या खेपेला भर दुपारी तिच्या दारात रिक्षा थांबली आणि जरीच्या साडीत बहीण उतरली. पाहुणे चारला यायचे होते. मी म्हटलं, माझ्यामुळे तुझं मोडेल.

"मोडू दे, दादा. तुला लपवून मिळणारं सासर मला नको."

लहानपणापासून हट्टी. मी मुकाट रिक्षात बसलो.

मला बघून बाबांनी घड्याळ पाहिलं, परत धाडायला वेळ नव्हता. पाहुणे आले, पोहे झाले, आणि मुलाच्या काकांनी माझ्याकडे बघत विचारलं, हेच का वापीला असतात ते? मी हो म्हणायला तोंड उघडलं, पण बाबा आधी बोलले.

"वापीला नाय, घरीच असतो. डोक्याचा आजार झालेला, गोळ्या चालू हायत. आमी लपवला, ती चूक माजी."

मला रडू आलं. पाहुण्यांसमोर, चांगलं हुंदके देऊन. बहीण मान खाली घालून बसली होती, पण हसत होती हे मला दिसलं. कळवतो म्हणून पाहुणे गेले, ते अजून कळवतायत.

आता पाहुणे यायचे असले की बाबा मला फक्त कोपऱ्यावर दूध आणायला पाठवतात, आणि वर बजावतात, लवकर ये.