वॉर्डाच्या भिंतीसाठी सिस्टरांचा फोटो

चौकातल्या फोटो स्टुडिओच्या मालकांना सगळं गाव ‘सरळबघा’ म्हणे. गिऱ्हाईक स्टुलावर टेकलं की यांचं सुरू, “सरळ बघा. हनुवटी वर. ओठ मिटा.” फोटोत दात काढायचे नसतात, हे त्यांचं ठाम मत. त्यांच्या फोटोत नवरदेवसुद्धा कोर्टात साक्षीला आल्यासारखा दिसे.

त्यांची बायको इस्पितळात, मुलांच्या वॉर्डात सिस्टर होती. ती निवृत्त होणार म्हणून तिचा मोठा फोटो वॉर्डाच्या भिंतीवर लावायचं ठरलं. सरळबघांनी तिला स्टुडिओत बसवलं. कॉलर, हनुवटी, ओठ सगळं जागच्या जागी आणून फोटो काढला, फ्रेमही केली.

समारंभाच्या दिवशी सकाळी वॉर्डातल्या आयाबाई फ्रेम न्यायला आल्या. बघताच त्यांनी कपाळावर हात मारला.

“अहो भाऊजी, हा लावला तर पोरं सुई टोचायच्या आधीच भोकाड पसरतील!”

“का? चेहरा कसा भारदस्त आलाय.”

“भारदस्त कसला, मारका आलाय! आमच्या सिस्टर अशा नाहीत.”

“इतकी वर्षं संसार केलाय. अशीच आहे ती.”

आयाबाईंनी मोबाइल काढून त्यांच्यापुढे धरला. फोटोत एक बाई मान मागे टाकून खदखदून हसत होती. पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेले, डोळे मिटलेले, आणि हाताला प्लॅस्टर घातलेलं कडेवरचं पोर तिचा चष्मा ओढत होतं.

“झकास आहे. कोण या?”

आयाबाई आधी हसल्या. मग हे थट्टा करत नाहीयेत हे कळलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

“असं काय करता भाऊजी? सिस्टरच की या!”

सरळबघा मटकन स्टुलावर बसले. एकदा पाहिलेला चेहरा ते सहसा विसरत नसत. आणि घरातलाच ओळखू आला नव्हता.

दुकान तसंच उघडं टाकून ते घरी गेले. बायको कपड्यांना इस्त्री करत होती.

“तू माझ्यासमोर कधी हसलीच नाहीस का गं?”

“हे काय नवीन?”

“सांग ना.”

“लग्नानंतर पहिला फोटो काढलात, तेव्हा म्हणालात ना, ओठ मिट, दात फार वाईट दिसतात. म्हटलं, ठीक आहे, तुमच्यापुरते मिटून ठेवू.”

“अगं, मी फोटोपुरतं म्हणालो होतो!”

“तुम्ही एरवीही माझ्याकडे तसंच बघता. कॅमेऱ्यातून बघितल्यासारखं.”

घरातलं मीठ संपलंय हे सांगावं, तशी ती बोलली. ना राग, ना टोमणा. त्यानेच ते जास्त हबकले.

“मग मोबाइलमधलाच मोठा करून फ्रेममध्ये घालतो,” ते कसंबसं म्हणाले.

“घाला. आणि एक करा. संध्याकाळी पुढच्या रांगेत बसू नका हं. बोलताना हसू आलं, तर मला अवघडल्यासारखं होईल.”

संध्याकाळी सरळबघा शेवटच्या रांगेत, खांबाआड बसले. समोरचं काही दिसत नव्हतं. बायकोचं भाषण मध्येच थांबलं, आणि कोणीतरी मोठ्याने, मोकळं हसलं. कोण ते बघायला त्यांनी खांबाआडून मान बाहेर काढली, तर माइकसमोर बायकोच हसत होती; तिचं हसूही त्यांना ओळखू आलं नव्हतं.