पेल्यागणिक एक वर्ष

माझा भाऊ विबिउस चांभार. दिवसभर लोकांच्या वहाणा शिवायचा, पण स्वतःच्या पायाला भिंगरी. जुलैच्या पहिल्या तारखेला अर्धं रोम खोल्या बदलतं, त्यात हा दरवर्षी. कधी म्हणे वर धूर कोंडतो, कधी म्हणे खाली धोब्यांच्या हौदांची घाण येते. नव्या खोलीत चटई अंथरायच्या आत सुरू, "पलीकडच्या टेकडीवर हवा बरी असेल, नाही का गं आक्का?"

"हवा असेल रे बरी. पण तिथंही तूच असणार ना!" मी म्हणायची.

त्याची बायको सेदाता, गरीब गाय. तिनं जन्मात एकच मागितलं. मार्चातल्या आन्ना देवीच्या जत्रेला दोघांनी नदीकाठी जायचं, फांद्यांची खोप करून गवतावर बसायचं, द्राक्षाची दारू प्यायची. त्या दिवशी जितके पेले प्यावेत तितकी वर्षं आयुष्य मिळतं, असं आम्ही सगळेच मानतो. विबिउसचं उत्तर ठरलेलं, "पुढच्या वर्षी नक्की."

यंदा तिचा खोकला छातीत उतरला. वैद्यानं मला बाजूला घेऊन सांगितलं, पोरगी अंजिरं पिकलेली बघायची नाही. मी ते विबिउसच्या कानावर घातलं. तो मटकन बसला, लगेच उठला आणि म्हणाला, "जत्रेला जायचं."

नदीकाठी खोप मीच बांधली, कारण हे महाशय दारूवाल्याकडे पळालेले. घागर आणली, पेला भरून तिच्या तोंडाला लावला. "पी. हे एक वर्ष." मग दुसरा. तिला ठसका लागला.

"पुरे हो."

"पुरे काय? म्हातारी व्हायचंय तुला!"

तिला जाईना, तेव्हा तिच्या नावानं स्वतःच ढोसायला लागला. घागर संपली की पुन्हा पळाला. आजूबाजूला जोडपी गात होती, नाचत होती आणि ही खोपीत एकटी. माझं तर डोकंच फिरलं.

"वन्सं, त्यांना रागावू नका," ती म्हणाली.

तो आणखी एक घागर घेऊन आला. तिनं ती त्याच्या हातातून घेतली आणि सरळ गवतावर उपडी केली. एवढी दारू! माझा जीव हळहळला.

"अहो, मला नाही व्हायचं म्हातारी. मला आज तुमच्याजवळ बसायचंय. दिवस चाललाय बघा."

तो उभाच. पाय जागच्या जागी चुळबुळत होते. मग एकदाचा बसला आणि तिनं त्याच्या मांडीवर डोकं ठेवलं.

ऊन कललं, लोक झिंगत घराकडे निघाले. "उठा रे आता," मी म्हटलं.

"थांब गं आक्का, घाई काय आहे?"

याच्या तोंडून हे! मला रडूच फुटलं.

उन्हाळा लागताच ती गेली. जुलैच्या पहिल्या तारखेला मी दरवर्षीसारखी हातगाडी घेऊन त्याच्या दारात उभी राहिले. आत तो तिच्या चटईशेजारी वहाण शिवत बसला होता.

"गाडी परत ने, आक्का," तो म्हणाला. "मी इथंच आहे."