सूर्यावरचा स्फोट आन् बापूकाकांचं शेवटचं बोलणं

मित्रांनो, सकाळपासून घास उतरला न्हाई.

परतूरच्या बापूकाकांनी मला हौशी रेडिओ, म्हंजी घरच्या यंत्रावरून लांबच्या माणसाशी बोलायचं, शिकवलं. आता ते गुवाहाटीला लेकीकडं असतात. घशाच्या कॅन्सरमुळं आज त्यांचं स्वरयंत्र काढणार होते. "दवाखान्यात जायच्या आधी रेडिओवर येतो. आवाज हाय तोवर तुझ्याशी बोलून घेतो," म्हणले होते.

सकाळी त्यांची हाक आली, "ऐकू येऊन राह्यलं का रे?"

मी उत्तर देणार, तेवढ्यात सगळं बंद. नुसती खरखर. मोबाइलवर सूर्याच्या क्ष-किरणांचा आलेख उघडला, तर रेष सरळ वर गेल्ती. सूर्यावर मोठा स्फोट झाल्ता. अशा वेळी जिथं दिवस असतो तिथला लांबचा रेडिओ बंद पडतो. आपल्या हातात काहीच न्हाई.

तरी मी हाका मारत राह्यलो. शेवटी फोन लावला. लेकीनं दवाखान्यातून उचलला.

"दादा, बाबांना आत्ताच आत नेलं. निघायच्या आधी रेडिओवर लई वेळ बोलले, रडले बी. उत्तर आलं न्हाई, तरी तुम्ही ऐकून राह्यले, असंच वाटलं त्यांना."

मी फोन ठेवला.

दुपारी रेडिओ परत सुरू झाला. साऱ्या देशातून आवाज येत होते. मी बंद करून टाकला.

शुद्धीवर आले की काका कागदावर लिहून विचारतील, "ऐकलंस ना?"

तुम्ही काय सांगितलं असतं?